आपोआप सुटणारं बोट

पेटंट कचेरीत सगळे तिला पाठीमागे ‘कात्री’ म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. लोक अर्ज करताना दावे कसे ऐसपैस करत, बोट दाखवीन तेवढं रान माझं अशा थाटात, आणि ही बाई एकेक टोक कापत त्यांना त्यांच्या अंगाच्या मापाचं करून परत पाठवायची. त्यात आकस कसला म्हणून नव्हता. तुम्ही शोधलंत तेवढं तुमचं, शेजारच्या अंगणातलं झाड तुमचं नव्हे, एवढंच तिचं म्हणणं. पण खरं बोलणारा माणूस लोकांना आवडतो तो दुसऱ्याबद्दल बोलत असेल तोवरच, त्यामुळे डबा खायला तिच्या टेबलाशी फारसं कुणी येत नसे.

तिच्याकडे यायचे ते बॅटरीचे सेल रचणाऱ्या यंत्रांचे अर्ज. मोबाइल असो की मोटार, बॅटरी फोडून पाहिली तर आत पातळ पानांची थप्पी निघते. एक अधिक पान, एक उणे पान, पुन्हा अधिक, पुन्हा उणे. या दोघांची थेट गाठ पडली की आगच. म्हणून भांडकुदळ जावांच्या मध्ये सासूने बसावं तशी मधून एक नाजूक पट्टी जाते. ती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे अशा घड्या घालत राहते आणि प्रत्येक घडीत एक पान ठेवलं जातं. पान केसभर सरकलं तरी ती थप्पी भंगारात जाते. हे सगळं यंत्राने करायचं, आणि तेही डोळ्याला दिसणार नाही इतक्या वेगाने. पानं सरकू नयेत म्हणून माणसांनी काय काय युक्त्या काढल्या होत्या, त्या वाचण्यात तिची निम्मी नोकरी गेली होती.

या कामात कायद्याने तिला एक सोबती दिला होता. कायद्यात त्याला ‘त्या विषयातला जाणकार’ म्हणतात. हा माणूस कुठेच राहत नाही. पण जगात जे जे म्हणून छापलं, दाखवलं, सांगितलं गेलं, ते सगळं त्याने वाचलेलं असतं, पाहिलेलं असतं, आणि त्यातलं काही तो विसरत नाही. फक्त एक उणीव आहे, त्याला नवं असं काहीही सुचत नाही. अर्ज आला की तिने या गृहस्थाला मनात बोलवायचं आणि विचारायचं, हे तुम्हाला सुचलं असतं का? तो हो म्हणाला तर पेटंट नाही.

“म्हणजे माझे थोरले भाऊजी,” तिच्या नवऱ्याने लग्नाच्या पहिल्याच वर्षी निकाल दिला होता. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक नसलं की त्याला असलेच निकाल सुचायचे. पुढे पुढे तर तो संध्याकाळी दार उघडतानाच विचारायचा, “आज एकटीच? जाणकार साहेब नाही आले?”

तर या कात्रीकडे एका छोट्या कारखान्याचा अर्ज आला. शोधक दोघं, बाप आणि लेक. लेक इंजिनीअर, बाप आयुष्यभर लोकांची यंत्रं दुरुस्त करून शेवटी स्वतःचं एक बनवायला बसलेला. मोठ्या कारखान्यांत पान जागच्या जागी राहावं म्हणून वरून चिमटा दाबतात, पण चिमटा निघताना पानाचा कोपरा ओढून नेतो. या दोघांनी चिमटा काढून टाकला होता आणि तिथे रबराचं एक मऊ बोट बसवलं होतं. बोट पानाचा कोपरा धरून ठेवी, वरून पट्टीची घडी आली की घडीखालून वळत वळत बाहेर निघे. त्याला मोटार नव्हती, वायर नव्हती. घडी बसताना पट्टी ताणली जाते, त्या ताणानेच बोट सुटायचं. आणि ते कसं सुटतं हे सांगताना अर्जात लिहिलं होतं, ‘झोपलेल्या लेकराच्या मानेखालून हात काढावा, तसे.’

अर्जात असली वाक्यं येत नाहीत. अर्जात ‘सदर घटक’ असतात आणि ते ‘उपरोक्त घटकास’ जोडलेले असतात. वकिलाच्या नजरेतून हे कसं सुटलं कुणास ठाऊक. तिने ते वाक्य वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं. तिची दोन्ही पोरं आता आपापल्या संसाराला लागली होती, पण एकेकाच्या मानेखालून हात काढायला केवढा वेळ लागायचा ते तिच्या हाताला आठवलं. चित्रं पाहिली. मग जाणकार साहेबांना बोलावलं. ते म्हणाले, मी असतो तर मोटार बसवली असती, वेळ जुळवायला एखादा सेन्सर बसवला असता. पट्टीच्याच ताणावर काम भागवायचं? छे, हे काही आपल्याला सुचलं नसतं. कात्रीला अगदी बरं वाटलं. असं बरं वाटलं की ती हे आधी कुणी केलंय का याचा शोध आणखी कसून घ्यायची, कारण आवडलेल्या अर्जावर आपला हात हलका पडेल अशी तिला धास्ती असे.

आणि तिथेच घात झाला. जुने अर्ज झाले, मासिकं झाली, प्रदर्शनांची पत्रकं झाली, कुठे काही नाही. शेवटी तिने कुणीही व्हिडिओ टाकावा अशा एका साइटवर शोधलं आणि समोर आलं, ‘बाबांचं मशीन चाललं’. टाकल्याची तारीख अर्जाच्या आधीची.

छोटीशी खोली, भिंतीला हत्यारं टांगलेली, मध्ये यंत्र. यंत्राच्या खांबाआड एक दांडगा माणूस अर्धा दिसतो, अर्धा नाही. पट्टी चाचणीपुरती सावकाश इकडून तिकडे जाते, पानं बसतात, आणि बोट दर घडीला वळत वळत सुटून येतं. कॅमेऱ्यामागून मुलीचा आवाज, “बाबा, चाललं. अहो, चाललं.” मग फोन कशाला तरी टेकवून ती स्वतःच चित्रात येते, लहान मुलीसारखी टाळ्या वाजवते आणि धावत जाऊन बापाच्या गळ्यात पडते. बापाचा मोठा तेलकट हात तिच्या डोक्यावर येतो. तिथे व्हिडिओ संपतो.

तिने तो पुन्हा लावला. मग पुन्हा. नंतर तर कामाशिवायही पाहिला, हे तिने नवऱ्यापाशीही कबूल केलं नाही. पण पाहिलं ते पाहिलं. त्या कचेरीचा नियम साधा होता, अर्जाच्या आधी जे लोकांसमोर आलं ते नवं नाही. मग ते परक्याने आणलेलं असो की पोटच्या पोरीने कौतुकापोटी आणलेलं असो. बोट सुटताना दिसत होतं आणि त्याच्यापर्यंत मोटार, वायर काहीच पोचत नव्हतं. म्हणजे पट्टीच्या ताणानेच सुटत असणार, दुसरा मार्गच नाही. अख्खा शोध त्या व्हिडिओत उघडा पडला होता.

“तू तो व्हिडिओ पाहिलाच नाहीस असं समज,” नवरा जेवताना म्हणाला.

“मी नाही पाहिला तरी त्यांनी पाहिलेला असतो ना.”

“कोणी?”

“जाणकार साहेबांनी.”

“भाऊजींचं हेच वाईट,” नवरा म्हणाला. “जिथे नको तिथे हजर.” आणि त्याने तिच्या ताटात न विचारता भाजी वाढली, कारण ती नुसती चिवडत बसली होती.

तिने तपासणी अहवाल लिहिला. व्हिडिओचं नाव, तारीख, त्यात काय दिसतं ते सगळं. जोडीला एका परदेशी यंत्राचा दाखलाही दिला, पण तो असाच, दुबळा. एरवी आक्षेप लिहून झाला की तिला हात धुतल्यासारखं वाटे. या वेळी वाटलं नाही.

वकिलाचं उत्तर आलं ते विचित्रच. परदेशी यंत्राबद्दल पानंच्या पानं, आणि व्हिडिओबद्दल एक अक्षर नाही. घराला आग लागली असताना माणूस अंगणातल्या पायपुसण्यावर पाणी ओतत बसला होता. तिने सुनावणी लावली. सुनावणीच्या आधी वकिलाचा फोन आला. हा वकील तरुण, सज्जन आणि कायम पडसं झाल्यासारखा बोलणारा होता.

“मॅडम, एक विनंती आहे. चमत्कारिक आहे. उद्या दोघं येतायत. तो व्हिडिओ... लेकीसमोर काढायचा नाही, असं वडिलांचं म्हणणं आहे.”

“का?”

“तिला माहीत नाही. तिने टाकलेल्या व्हिडिओमुळे अर्ज अडलाय हे त्यांनी तिला सांगितलेलंच नाही. अहवाल ते स्वतःपाशीच ठेवून बसलेत. मलाही बजावलंय, उत्तरात व्हिडिओचं नाव घेतलं तर बघा म्हणून.”

“मग उत्तर काय देणार तुम्ही?”

“तेच तर. गरज पडली तर अर्ज सोडून देऊ म्हणतात. इतकी वर्षं घातलीत हो त्यांनी यात. एक कारखाना हे यंत्र घ्यायला तयार आहे, पण पेटंट असेल तरच.” वकिलाने नाक ओढलं. “काही करता येईल का?”

“नाही,” ती म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र तिने ती फाइल पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. बाप लेकीसाठी आयुष्याची कमाई पाण्यात सोडायला निघाला होता, आणि हिच्या हातात त्याला द्यायला काही म्हणता काही नव्हतं.

सुनावणीची खोली म्हणजे एक लांब टेबल, पाण्याचा जग, भिंतीवर पडदा आणि खिडकीखाली गाड्या लावायची जागा. बाप व्हिडिओत होता त्याहून दांडगा निघाला. खुर्चीत बसताना त्याने आधी खुर्ची हलवून पाहिली, सवयीने. लेक त्याच्या शेजारी, केस घट्ट बांधलेले, समोर कागद. वकील कडेला.

कात्रीने परदेशी यंत्रापासून सुरुवात केली आणि आयुष्यात पहिल्यांदा सुनावणीत पाल्हाळ लावला. वकीलही तिला साथ देत त्याच यंत्राभोवती फिरत राहिला. शेवटी त्या यंत्रात बोलण्यासारखं काही उरलं नाही. ती अहवालाच्या पुढच्या परिच्छेदाशी आली आणि थांबली.

“मॅडम,” बाप म्हणाला, “आम्ही अर्ज मागे घेतो.”

“आम्ही म्हणजे कोण?” लेक म्हणाली. “माझंही नाव आहे त्याच्यावर.”

“घरी बोलू आपण.”

“व्हिडिओमुळे ना?”

वकिलाने रुमाल काढला.

“बाबा, तपासणी अहवाल कचेरीच्या साइटवर असतात. कुणीही उघडून वाचतं. मी त्याच आठवड्यात वाचला.” तिचा आवाज सरळ होता. “तुम्ही मला सांगितलंत, परदेशातलं कुठलं जुनं मशीन आडवं आलंय. इतकं मन लावून खोटं बोलत होतात की म्हटलं, बोलू देत. तेवढंच त्यांना बरं वाटत असेल.” मग ती कात्रीकडे वळली. “चूक माझी आहे, मॅडम. त्यांना तर माहीतही नव्हतं मी टाकलाय ते. माझं नाव काढून टाका हवं तर. पण मशीन त्यांचं आहे.”

“नियम तसा नाही, बाळ,” कात्री म्हणाली. ‘बाळ’ तिच्या तोंडून निघून गेलं, आणि सुनावणीत असं बोलायचं नसतं हे कळूनही तिने ते मागे घेतलं नाही. “कुणी टाकलं याने फरक पडत नाही. बोट आपोआप सुटताना लोकांना दिसलं. दिसलं ते लोकांचं झालं. मला वाईट वाटतं, अगदी मनापासून वाटतं. पण माझ्या वाटण्याला तिथे जागा नाही.”

लेकीने मान हलवली. ती ऐकायला तयार होऊनच आली होती, पण ऐकल्यावर तिचा चेहरा पडायचा तो पडलाच. बापाने तो चेहरा पाहिला.

“सुटत नव्हतं,” तो म्हणाला.

“काय?”

“बोट. त्या दिवशी सुटत नव्हतं ते. दर घडीला अडकत होतं.” तो टेबलाकडे बघून बोलत होता. “मी ओढत होतो. बोटाचं मागचं टोक धरून, खांबामागून, हाताने.”

वकिलाचा रुमाल नाकाशीच राहिला. मग कात्री तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, “हे तुम्ही आज सांगताय. आज हे तुमच्या सोयीचंही आहे. मी कशावरून मानू?”

“लावा ना व्हिडिओ,” बाप म्हणाला.

तिने पडद्यावर लावला. पट्टी, पानं, बोट. मुलीचा आवाज. टाळ्या. मुलगी धावली, गळ्यात पडली, बापाचा हात तिच्या डोक्यावर आला.

“आता पोरीकडे बघू नका,” बाप म्हणाला. “मशीनकडे बघा.”

तिने तो शेवटचा तुकडा पुन्हा लावला. खांबाआडचा हात निघून लेकीच्या डोक्यावर आला, आणि चित्राच्या कडेला बोट जागच्या जागी थांबलं. वरून घडी आली, बोटावरच बसली. पुढचं पान तिरकं पडलं. त्याच्यावर आणखी एक, आणखी तिरकं. सगळी थप्पी कडेला कलली आणि व्हिडिओ संपला. हे सगळं इतके दिवस तिच्या डोळ्यांसमोर होतं. केसभर सरकलेलं पान पकडणाऱ्या कात्रीने अख्खी कोसळलेली थप्पी पाहिली नव्हती, कारण दर वेळी ती त्या दोघांनाच बघत बसली होती. आपला नवरा चष्मे विकतो हे कुणाला कळू नये, असं तिला वाटून गेलं.

लेक पडद्याकडेच बघत होती. तिनेही तो व्हिडिओ कितीदा पाहिला असेल. “तुम्ही सांगितलं का नाही?”

“तू टाळ्या वाजवत होतीस,” बाप म्हणाला.

लेकीने समोरचे कागद पालथे घातले.

“नंतर तू मावशीला सांगितलंस, मैत्रिणींना सांगितलंस. गल्लीतल्या दुकानदाराने तर माझ्याकडे पेढे मागितले. आता मशीन खरंच चालवण्यावाचून इलाज होता का? मग तू कामावर गेलीस की मी बसायचो. पुन्हा हाताने ओढायचो. ओढता ओढता कळलं, घडी बसली की पट्टीची एक ओढ लागते बोटाला, आणि ती लागल्यावर हात काढला तर पान हलत नाही. म्हटलं, मग माझा हात कशाला हवा, पट्टीच काढेल की.” तो कात्रीकडे वळला. “शोध लागला तो असा लागला, मॅडम. व्हिडिओच्या नंतर. चोरी लपवता लपवता.”

“मग हे आधीच कळवायचं होतं,” कात्री म्हणाली. “एवढ्या एका वाक्याने आक्षेप गळून पडला असता.”

“कळवलं असतं तर उत्तरावर सही करताना हिने वाचलं असतं.”

“आणि अर्ज गेला असता तर?”

“गेला असता,” बाप म्हणाला.

कात्रीने पुढे कितीतरी प्रश्न विचारले, कारण ते विचारणं तिचं काम होतं. पहिल्या बोटाचा आकार काय, अडकायचं कुठे, दुसरं कधी केलं. त्याची उत्तरं चटचट आली, आणि जिथे त्याला आठवेना तिथे लेकीला आठवलं. मग तिने टिपण लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचून दाखवलं. व्हिडिओत बोट माणसाच्या हाताने ओढलं जात होतं. हात निघताच ते अडकलेलं स्पष्ट दिसतं. पट्टीच्या ताणाने सुटणारं बोट त्यात नाही, सबब तो आक्षेप मागे घेण्यात येत आहे. बोटाला मोटार नाही हे पाहून ते ताणानेच सुटत असणार हा निष्कर्ष परीक्षकाचा होता आणि तो चुकीचा होता. हे शेवटचं वाक्य लिहायलाच हवं असं नव्हतं, पण तिने लिहिलं. परदेशी यंत्राचा आक्षेप वकिलाने तसाही केव्हाच लोळवला होता.

“म्हणजे मिळालं?” लेकीने वकिलाला विचारलं.

“मिळालं,” वकिलाऐवजी कात्रीच म्हणाली. “अख्खं. कुठेही कापलेलं नाही.”

बापाने फक्त मान डोलावली आणि टेबलावरच्या जगमधून पेल्यात पाणी ओतलं, पण प्यायचं राहूनच गेलं.

ती पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा वकील निघून गेला होता आणि ते दोघं लिफ्टशी उभे होते. तिने तिथे थांबायला नको होतं. पण माठाशी उभ्या असलेल्या माणसाला ऐकू येतंच, त्याला काय करणार.

“अजून कशाकशात तुमचा हात होता, ते आत्ताच सांगून टाका,” लेक म्हणत होती. रागाचा सूर तिला धड जमत नव्हता. “एकदाच काय ते होऊन जाऊ दे.”

बापाने लिफ्टचं बटण दाबलं. एकदा दाबलेलं पुन्हा दाबलं.

“बाबा.”

“शाळेतली पवनचक्की,” तो म्हणाला.

“माझी? प्रदर्शनातली?”

“पंखे जड झाले होते तिचे. नुसत्या वाऱ्याने फिरले नसते.” तो दाराकडे बघत होता. “खिडकीबाहेर मी होतो. पुठ्ठा घेऊन.”

लेक वळून त्याच्याकडे बघत राहिली. “पहिला नंबर आला होता माझा. त्याच्यामुळे मी इंजिनीअर व्हायचं ठरवलं.”

“हो ना.”

“म्हणजे ते सगळं...”

“फक्त वारा माझा होता,” बाप घाईघाईने म्हणाला. “बाकी झालीस ती तूच झालीस. मी कुठे होतो तिथे.”

लिफ्ट आली, दार उघडलं. दोघांपैकी कुणीच आत गेलं नाही आणि दार पुन्हा लागलं. लेकीने मनगटाने नाक पुसलं, मग त्याचा तो मोठा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही.

“जिन्याने जाऊ,” ती म्हणाली. “सावकाश.”